झेंड्याचा मानकरी

काशा, परवा तुझ्या दहाव्याला सगळं गाव ओढ्यावर आलं होतं. परत आल्यावर प्रत्येकानं काय केलं सांगू? आधी आपापल्या दावणीपाशी जाऊन शेळ्या मोजल्या. सहा वर्षं झाली तुला दुसऱ्याच्या शेळीला हात लावून, आणि आता तर तू नाहीसच. तरी गावाची खोड गेली नाही. मीही मोजल्या. सगळ्या जागेवर होत्या, आणि त्या तशा जागेवर बघून मला रडू कोसळलं. शेळी हरवली नाही म्हणून रडणारा शेतकरी तालुक्यात मीच पहिला असेन.

कावळ्यानं भात लगेच उचलला. गाव नुसतं हिरमुसलं. तुझ्या कोणकोणत्या इच्छा राहिल्या असतील ते धरून माणसं कबुल्या तयार ठेवून उभी होती. माली पाटलांनी तर घसा साफ करून एक मोठी कबुली ओठावर आणली होती. कावळ्यानं कुणाचं काही ऐकून घेतलं नाही. तुझ्या इच्छा संपल्या होत्या की त्याला भूक लागली होती, देव जाणे.

तू माझा भावकीतला भाऊ, माझ्याहून थोडा मोठा. तुझं रान माझ्या रानाला लागून, आणि तुझी तूर दरसाल माझ्या तुरीहून सरस. तेव्हा पोटासाठी चोरत होतास म्हणावं तर तेही नाही. तुला मोकळी शेळी बघवत नव्हती एवढंच. विचारलं तर म्हणायचास, "दत्तू, शेरडू आपून होऊन मागं येतंय. मी निस्ता पुढं चालायलोय."

माझी पांढऱ्या कानाची शेळीही अशीच तुझ्या मागं चालत गेली, मंठाळच्या बाजाराच्या दिवशी. पुढं मी सासुरवाडीला मुडबीला गेलो. सासऱ्यांनी मोठ्या कौतुकानं नवी शेळी दाखवायला परसात नेलं. शेळीनं मला बघितलं आणि दावं तोडायला लागली. माझा हात चाटते काय, धोतर ओढते काय! सासरे म्हणाले, "जावईबापू, ही तुमाला कशी काय ओळखायली?" काय सांगणार होतो मी? माझ्या भावकीतल्या माणसानं माझीच शेळी तुम्हाला विकली, हे कोणत्या तोंडानं सांगायचं? मी म्हणालो, "शेळी गुणाची दिसते." माझ्याच शेळीचं दूध घातलेला चहा मी तिथं प्यायलो, वर चवीची तारीफ केली. गावी येऊन तुझी गचांडी धरली तर तू शांतपणे म्हणालास, "तिला तुझ्या सासुरवाडीची माणसं बघायची व्हती." चोरली असं तू कधी कबूल केलं नाहीस. तो वाद आपल्यात तसाच राहिला.

मग आपल्या हैदराबाद संस्थानात पोलीस ॲक्शनचं साल आलं. त्या साली आपल्या मुलखात जे झालं ते हसण्यासारखं नव्हतं आणि ते मी इथं आणत नाही. ते ओसरल्यावर वर्षा-सव्वावर्षानं तालुक्याहून हुकूम आला, की येत्या सव्वीस जानेवारीला गावोगाव झेंडा चढवायचा. आता राजा नाही, सगळ्यांचं राज्य. मी वर्तमानपत्र पारावर मोठ्यानं वाचून दाखवलं. संस्थानात शाळा उर्दूतून झालेली, त्यामुळं मराठी वाचताना मी मधेमधे अडखळायचो, आणि अडखळलो की तू म्हणायचास, "तिथं कायतरी दडवायलाय ह्यो."

सगळ्यांचं राज्य हे गावाला पटलं. झेंडा कुणी चढवायचा हे मात्र पटेना. आपल्या गावात पाटील दोन, साऱ्याचे माली पाटील आणि बंदोबस्ताचे पोलीस पाटील. माली पाटील म्हणाले, मान माझा. पोलीस पाटील म्हणाले, माझा. जत्रेत पालखीला पहिला खांदा कुणाचा, यावर दोन्ही घराण्यांचं आजोबांपासून भांडण, त्यात ही नवी भर. तालुक्याचा कारकून आला होता. त्याला दुपारच्या जेवणाला मुडबी गाठायची होती. दोन्ही पाटलांना एका दमात गप्प करायला तो बोलून गेला, "अहो, कुणीही चढवा! गावातला कुणीही! आता सगळे सारखे!" आणि सायकलवर टांग मारून निघून गेला.

एवढी मोठी गोष्ट आपल्या गावात अशी आली, काशा. कारकुनाला भूक लागली होती म्हणून.

मग ठरलं, चिठ्ठ्या टाकायच्या. घरटी एक, कर्त्या पुरुषाच्या नावाची. हुसेनसाब शिंप्याच्या घरची टाकायची का? झेंडा त्यानंच शिवलेला, नाही कसं म्हणणार? वेशीबाहेरच्या घरांच्या टाकायच्या का? यावर सगळी दुपार गेली. पण कारकुनाच्या तोंडून ‘सगळे’ हा शब्द सुटला होता आणि तो साऱ्या गावानं ऐकला होता. टाकल्या. मारुतीच्या देवळातला तांब्या आणला, पुजाऱ्यानं डोळे मिटून हात घातला आणि चिठ्ठी निघाली तुझ्या नावाची.

तू माझ्या शेजारी बसून कडबा चघळत होतास. तो तसाच तोंडात राहिला. पोलीस पाटील उठून म्हणाले, "परत काढा. हे काय बरुबर न्हाई." पुजारी म्हणाला, "मारुतीचा कौल हाय. परत काढाय ह्यो काय पोहरा न्हाई." माणसं कुजबुजायला लागली. शेळीचोर झेंडा चढवणार? लोक काय म्हणतील? मुडबीवाले हसतील. तेव्हा मी उठलो. मी काही तुझ्या बाजूनं उठलो नव्हतो, हे तुलाही ठाऊक होतं. मी म्हणालो, "अहो, त्या दिवशी सगळं गाव झेंड्यापाशी असणार. घरं मोकळी, दावणी मोकळ्या. काशा झेंड्यापाशीच असू द्या. निदान शेरडं तरी राहतील."

आधी हुसेनसाब हसला, मग सगळा पार हसला. आणि हसता हसता एकेकाच्या लक्षात आलं, की हे खरंच आहे. दोन्ही पाटलांनी मान हलवली. पाटलांचं एकमत झालेलं आपल्या हयातीत आपण तेवढं एकदाच बघितलं.

आपली माणसं! झेंड्याची काठी रोवायची म्हणजे जत्रेची काठी रोवण्यासारखंच. हळद लावली, कुंकू लावलं, नारळ आणले. एका म्हाताऱ्यानं विचारलं, काठीला बकरं लागतंय का? तू पटकन म्हणालास, "बकरं मी आणतो." सगळं गाव एका आवाजात ओरडलं, "नको!"

त्या सकाळी तू धुतलेलं धोतर नेसून, माझाच पटका बांधून आलास. मागितला होतास, चोरला नव्हतास, हेही लिहून ठेवतो. दोरी ओढलीस. झेंडा सुटला, आत बांधलेली झेंडूची फुलं पोलीस पाटलांच्या डोक्यावर पडली, आणि सगळ्या गावानं वर बघितलं. मग सगळं गाव तुझ्याकडं बघायला लागलं. तू खाली मान घातलीस. एवढी माणसं तुझ्याकडं बघताहेत आणि कुणाच्याही तोंडात शिवी नाही, हे तुला सोसवेना. माझ्याजवळ येऊन हळूच म्हणालास, "दत्तू, हे अजून लई वेळ हाय का?"

इथपर्यंत सगळं ठीक होतं. दुसऱ्या वर्षी मी पारावर तांब्या घेऊन गेलो, तर तू अंघोळ करून, कपाळाला गंध लावून आधीच काठीपाशी उभा.

"काय करायलास?" मी विचारलं.

"मान घ्यायलोय."

"कसला मान? चिठ्ठ्या टाकायच्या."

"मागल्या साली निघाली की चिठ्ठी. किती बार काढतोस?"

आणि गावाला ते बरोबर वाटलं! आपल्या गावात मान एकदा ज्या घरात गेला तो गेला. पालखीचा खांदा, होळीची पहिली गवरी, पोळ्याचा पहिला बैल, सगळं घराण्याला बांधलेलं. मग झेंड्याचा मान काशाच्या घराला, त्यात विचारायचं काय? सगळ्यांचं राज्य येऊन जेमतेम वर्ष होतंय तोवर आपण झेंड्याचं घराणं काढलं, आणि ते काढलं शेळीचोराचं.

मी जीव तोडून सांगितलं. प्रजासत्ताक म्हणजे असं नव्हे. तू विचारलंस, "राजा गेला का न्हाई?"

"गेला."

"त्याचा मान कुणाकडं आला?"

"लोकांकडं."

"मग मी लोक न्हाई व्हय?"

"तू एकटाच लोक हाईस का?"

"चिठ्ठी तर एकट्याचीच निघाली की रं!"

सगळे तुझ्या बाजूनं. त्याचं कारणही मला ठाऊक होतं. मानकऱ्याला पथ्य असतं. जत्रेच्या आधी पंधरवडाभर त्यानं खोटं बोलायचं नाही, मटण खायचं नाही, दुसऱ्याच्या वस्तूला शिवायचं नाही. तू ते झेंड्यालाही लागू केलंस. सव्वीस जानेवारीच्या आधी पथ्य, पंधरा ऑगस्टच्या आधी पथ्य. पुढं स्वतःच्या मनानं ते महिन्या-दोन महिन्यांवर नेलंस. "मधल्या दिवसांत धंदा बसवाय सवडच मिळंना," असं तूच मला म्हणालास. मग धंदा मोडलाच. गाव कशाला चिठ्ठ्या टाकेल? चिठ्ठी दुसऱ्या कुणाची निघाली असती तर तुझं पथ्य सुटलं असतं. माली पाटील मला बाजूला घेऊन म्हणाले, "दत्तू, तुझं खरं हाय. पण शेरडं बी खरी हायत."

मला दिसत नव्हतं असं नाही. तो मान गेला असता तर तू पुन्हा नुसता शेळीचोर काशा झाला असतास. वैनी, तुझी सुंदराबाई, एकदा माझ्यावर तडकलीच होती. "भावजी, तुमाला काय करायचंय? लगीन झाल्यापासून पहिल्यांदा कुणी माझ्या दारात शिव्या द्यायला येईना. आता पाव्हणेरावळे यायलेत. तुमच्या चिठ्ठ्या चुलीत घाला." तरी मी भांडत राहिलो. वर्षातून दोनदा, पारावर, सगळ्यांदेखत. एका घराचा मान म्हणजे पुन्हा तेच राजेपण, असं माझं म्हणणं. आणि मला ते आजही खरं वाटतं, हेही तुला सांगून ठेवतो. तू मेलास म्हणून मी माघार घेणार नाही.

पहिली मोठी निवडणूक आठवते? मुडबीच्या शाळेत मतं होती. तू बैलगाडीतून उतरून थेट पुढं गेलास आणि साहेबाला म्हणालास, "मी झेंड्याचा मानकरी. पहिलं मत माझं." साहेब म्हणाला, "असं इथं काही नसतं. रांगेत या." दोन्ही पाटीलही रांगेतच होते. तुझ्यापुढं हुसेनसाब, हुसेनसाबापुढं वेशीबाहेरचा तुकाराम, आणि त्याच्या मागं उभं राहायला तुझी काही हरकत नव्हती, तेवढा तू सुधारला होतास. बाहेर आल्यावर तू मला विचारलंस, "दत्तू, माली पाटलाचं बी एकच मत धरायलेत म्हणं?"

"एकच."

"दोन वाडे हायत की त्याचे!"

"तरी एकच."

"आन् माझं?"

"एकच."

गाव येईपर्यंत तू गाडीत एकटाच हसत होतास. मला वाटलं, उमजलं बाबा ह्याला. पुढच्या जानेवारीत बघतो तर गंध लावून काठीपाशी हजर.

यंदा दसरा झाला आणि तू अंथरूण धरलंस. इकडं पारावर दुसरंच पेटलेलं. आपलं हैदराबाद संस्थान मोडणार, आपण म्हैसूरकडं जाणार. निम्मं गाव म्हणतं मराठी मुलखात घाला, निम्मं म्हणतं कानडी काय परके आहेत का? खोकल्याची ढास लागलेली असताना तू मला विचारलंस, "म्हैसूरवाले झेंडा बदलतेत का?"

"न्हाई रं. राज्य बदलंल, झेंडा तोच."

"मग जाऊ दे तिकडं."

सरहद्दीचा एवढा मोठा प्रश्न अख्ख्या मुलखात इतक्या लवकर फक्त तूच सोडवलास.

मग एका दुपारी तू वैनीला पाणी आणायच्या मिषानं बाहेर धाडलंस. मला वाटलं, आता शेळीचं कबूल करतोस. मी तोंडावर ‘असू दे रे’ आणूनही ठेवलं होतं. तू म्हणालास, "दत्तू, माझ्या मागं चिठ्ठ्याच टाका."

मी गोधडी तुझ्या खांद्यापर्यंत ओढली.

"मला मिळाला तवा चिठ्ठीनंच मिळाला. मान आधीच कुण्या घराला बांधलेला असता, तर माझ्या दारात कुत्रं बी आलं नसतं. हे मला पयल्या सालीच कळालं व्हतं."

"मग सहा वर्षं कामून भांडलास बाबा?"

"सोडवंना," तू म्हणालास. "लई ग्वाड लागतंय रं ते."

सहा वर्षं मला हेच तुझ्या तोंडून ऐकायचं होतं. आणि ऐकल्यावर मला उठून पळून जावंसं वाटलं. मला तू तसाच हवा होतास, गंध लावून, हट्टानं काठीपाशी उभा, माझ्याशी भांडायला. मी तुला सांगायला हवं होतं, की वर्तमानपत्रातून मी जेवढं वाचलं त्यापेक्षा, तुझ्या हातातल्या दोरीकडं बघून मला जास्त समजलं. मी म्हणालो, "चहा घेतोस का?" तू म्हणालास, "घेतो." आणि शेळीचं विचारायचं राहून गेलं. आता ते कोण सांगणार? सासऱ्यांकडं ती शेळी अजून आहे. परवा तिला करडं झाली.

दहाव्याहून परत येऊन, शेळ्या मोजून झाल्यावर, माणसं तुझ्या अंगणात बसली. पोलीस पाटलांनी विषय काढला. काशाला मूलबाळ नाही, भावकीत दत्तू जवळचा, तेव्हा झेंड्याचा मान आता दत्तूच्या घराला. सगळ्यांनी माना हलवल्या. मी तर सगळ्यांत साळसूद, माझ्यापासून कुणाच्या शेळीला धोका नाही. काशा, खोटं कशाला बोलू, क्षणभर मला गोड लागलं. तुझं ते ‘लई ग्वाड’ म्हणजे काय ते तेव्हा जिभेवर आलं. मग मी तुझा निरोप सांगितला, जसाच्या तसा, कुत्र्यासकट. हुसेनसाबनं टोपी काढून डोळे पुसले. माली पाटील शेवटी म्हणाले, "ठीक हाय. चिठ्ठ्या टाकू. घरटी एक, कर्त्या पुरुषाच्या नावाची, पयल्यासारखं."

दाराआडून वैनीचा आवाज आला. "मग आमच्या घरची कुणाच्या नावानं टाकतेव?"

पाटील चाचरले. "वैनी, तुमचं घर आता... चिठ्ठीतून सोडावं लागंल."

वैनी उंबऱ्यावर आली. रडून रडून तोंड सुजलेलं, पण आवाज ठणठणीत. "कामून सोडावं? मत टाकाय गेले तवा साहेबानं माझं नाव विचारलं. सुंदराबाई म्हणलं. कागद दिला हातात. ह्यांच्या कागदायेवढाच व्हता, मी इचारून घेतलं. दिल्लीत माझं नाव चालतंय, आन् तुमच्या तांब्यात चालंना? आन् मी एकटीच कामून? गावातल्या बाकीच्या बाया काय शेरडं हायत?"

मी खाली बघत होतो. काशा, सहा वर्षं, वर्षातून दोनदा, ‘सगळे’ म्हणजे कोण यावर तू आणि मी पारावर गळे ताणून भांडलो. मी किती वर्तमानपत्रं वाचली, तू किती दाखले दिलेस. आणि आपल्या दोघांपैकी एकाच्याही डोक्यात हे एकदाही आलं नाही. निम्मं गाव त्या तांब्याच्या बाहेरच होतं, आपल्याला चहा करून देत.

पाटलांनी तांब्या हातात घेतला, आत डोकावून बघितलं, मग माझ्याकडं बघितलं. "दत्तू, आता?"

मी म्हणालो, "ह्यात मावायच्या न्हाईत. घागर आणा."